‘मल्टिटास्किंग : आहे’ या ओळीवर माझा आक्षेप

बारावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्यांना दुसरा पेपर आठवत असेल. आधी ८०८५, मग त्याचे प्रोग्रॅम, मग इंटेलच्या एक्स-८६ कुटुंबावरचं एक छोटं प्रकरण, आणि पुढे मायक्रोकंट्रोलर व नेटवर्किंग. या एक्स-८६ च्या प्रकरणावरच्या नोट्स, गाइडं आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ चाळल्या तर एक तक्ता हमखास सापडतो. वरच्या बाजूला ८०८६, ८०२८६, ८०३८६, ८०४८६, पेंटियम. डाव्या बाजूला डेटा बस, ॲड्रेस बस, मेमरी किती, आणि तळाशी दोन ओळी : ‘मल्टिटास्किंग’ आणि ‘आधीच्या प्रोसेसरशी सुसंगत’. ८०८६ च्या खाली मल्टिटास्किंगला ‘नाही’ आणि ८०२८६ पासून पुढे सरसकट ‘आहे’. सुसंगत तर सगळेच.

हा तक्ता बारावीतच थांबत नाही. बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सला तोच भेटतो, एम.एस्सी.ला तोच भेटतो, सेट-नेटच्या तयारीत तोच पाठ होतो. म्हणून आज त्याचंच परीक्षण करायचं आहे. पुस्तकाचं नाव घेत नाही, कारण दोष एका पुस्तकाचा नाही, एका सवयीचा आहे.

तक्त्यातले आकडे बरोबर आहेत, हे आधीच सांगतो. ८०८६ ला २० ॲड्रेस लाइन, म्हणून १ एमबी. ८०२८६ ला २४, म्हणून १६ एमबी. ८०३८६ ला ३२, म्हणून ४ जीबी. त्यावर वाद नाही. माझा आक्षेप तळाच्या दोन ओळींवर आहे. या दोन गोष्टी एकमेकींशी जवळपास आठ वर्षं भांडत होत्या, आणि तक्त्याने त्यांना शेजारी-शेजारी गुण्यागोविंदाने बसवलंय. ते भांडण वाचता आलं की प्रोसेसर कळतो. नाही आलं तर फक्त ‘आहे-नाही’ पाठ होतं.

८०८५ ला मल्टिटास्किंग येत नाही?

मल्टिटास्किंग म्हणजे काय, ते आधी साध्या शब्दांत. एक प्रोसेसर एका वेळी एकाच प्रोग्रॅमचं काम करतो. थोडा वेळ पहिला चालवायचा, मग त्याची सगळी मांडामांड जशीच्या तशी जपून ठेवायची, दुसरा चालवायचा, परत पहिल्याकडे यायचं. हे पुरेसं पटापट झालं की बघणाऱ्याला दोन्ही एकदम चालल्यासारखे वाटतात.

आता हे ८०८५ वर करता येईल का? वही काढा. टायमरचा पल्स आरएसटी ७.५ ला जोडा. ठरावीक वेळाने इंटरप्ट येईल. त्याच्या सर्व्हिस रूटीनमध्ये पुश पीएसडब्ल्यू, पुश बी, पुश डी, पुश एच करा. पहिल्या प्रोग्रॅमचे सगळे रजिस्टर त्याच्याच स्टॅकवर गेले. आता एचएल मध्ये शून्य घाला, डीएडी एसपी करा, म्हणजे स्टॅक पॉइंटर एचएल मध्ये येईल. एसएचएलडी ने तो मेमरीत ठेवा. एलएचएलडी ने दुसऱ्या प्रोग्रॅमचा जपलेला स्टॅक पॉइंटर आणा, एसपीएचएल करा, उलट्या क्रमाने चार पॉप करा, ईआय, रिटर्न. झालं. दुसरा प्रोग्रॅम जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू.

पंधरा-वीस ओळींचं काम आहे आणि यातली एकही इन्स्ट्रक्शन बारावीच्या बाहेरची नाही. ही कागदावरची करामतही नव्हे. डिजिटल रिसर्च कंपनीने १९७९ साली एमपी/एम नावाची ऑपरेटिंग सिस्टिम काढली. ती ८०८० वर चालायची आणि एकाच मशिनला अनेक टर्मिनल जोडून अनेक लोक एकदम काम करायचे. ८०८६ आणि ८०८८ वरही झेनिक्स ही युनिक्सच्या घराण्यातली सिस्टिम चालली. मग तक्त्यातलं ‘नाही’ कशाच्या जोरावर?

तर, ८०८५ आणि ८०८६ ला अदलाबदल करता येत होती. त्यांना जमत नव्हतं ते संरक्षण. तुमच्या दोन प्रोग्रॅमपैकी एकाने चुकून दुसऱ्याच्या स्टॅकवर लिहिलं तर अडवणारं कोणी नाही. एकाने डीआय ही इन्स्ट्रक्शन चालवली आणि लूपमध्ये अडकला, तर टायमरचा इंटरप्ट येऊनही उपयोग नाही, सगळंच बंद. सगळे प्रोग्रॅम शहाणे असतील तर मल्टिटास्किंग चालतं, एक वेडा निघाला की कोसळतं. म्हणजे ओळ हवी होती ती अशी : ‘एका प्रोग्रॅमच्या चुकीपासून दुसऱ्याला वाचवता येतं का?’ या प्रश्नाला ८०८६ चं उत्तर खरोखरच ‘नाही’ आहे आणि ८०२८६ चं ‘होय’.

जुन्याचं ओझं ८०८६ पासूनच

दुसरी ओळ, ‘सुसंगत’. इथे विद्यार्थ्यांचा समज असा होतो की सुसंगती ८०२८६ पासून सुरू झाली, कारण ८०८६ हा कुटुंबातला पहिला. पण १९७८ चा ८०८६ स्वतःच जुन्याची आठवण अंगावर घेऊन जन्मला होता. याचा पुरावा तुमच्याच वहीत आहे.

८०८५ चा फ्लॅग रजिस्टर काढा : सातव्या बिटला साइन, सहाव्याला झिरो, चौथ्याला ऑक्झिलरी कॅरी, दुसऱ्याला पॅरिटी, शून्याव्याला कॅरी. मध्ये रिकाम्या जागा. आता ८०८६ चा फ्लॅग रजिस्टर शेजारी ठेवा आणि त्याचे खालचे आठ बिट बघा. तेच फ्लॅग, त्याच जागा, त्याच रिकाम्या फटी. नवा १६ बिटचा प्रोसेसर बनवताना कोणी मुद्दाम अशा फटी ठेवेल का? शिवाय ८०८६ मध्ये एलएएचएफ आणि एसएएचएफ अशा दोन इन्स्ट्रक्शन आहेत, ज्या नेमके हेच आठ बिट एएच मध्ये नेतात आणि परत आणतात. कशासाठी? जुन्या ‘पुश पीएसडब्ल्यू’ चं काम नव्या प्रोसेसरवर करता यावं म्हणून.

अजून एक. एएक्स, बीएक्स, सीएक्स, डीएक्स या चारपैकी मेमरीचा पत्ता म्हणून फक्त बीएक्स वापरता येतो. हे आपण नियम म्हणून पाठ करतो. पण ८०८५ मध्ये मेमरीकडे बोट दाखवायचं काम मुख्यतः कोणाचं होतं? एचएल चं. जुना प्रोग्रॅम नव्यात रूपांतरित करताना एचएल च्या जागी बीएक्स येतो, बीसी च्या जागी सीएक्स, डीई च्या जागी डीएक्स आणि ॲक्युम्युलेटरच्या जागी एएल. पाठ केलेला नियम असा अचानक इतिहास होतो.

इथे एक बारीक फरक महत्त्वाचा आहे. ८०८६ ची सुसंगती मूळ प्रोग्रॅमच्या पातळीवरची होती. जुना असेंब्ली प्रोग्रॅम रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढून पुन्हा असेंबल करावा लागे. ८०८५ ची तयार फाइल ८०८६ वर चालत नसे. ८०२८६ ची सुसंगती मात्र तयार फाइलच्या पातळीवरची होती : ८०८६ साठी विकत घेतलेली फ्लॉपी घाला, चालू करा. तक्त्यात दोन्हींना एकच शब्द. ‘सुसंगत’ वाचलं की पुढचा प्रश्न यायला हवा : कोणत्या पातळीवर?

८०२८६ : एका स्टेशनात दोन गेज

आता भांडणाकडे येऊ. १९८२ चा ८०२८६. त्यात सुमारे १,३४,००० ट्रान्झिस्टर, तर ८०८६ मध्ये २९,०००. या वाढीव ट्रान्झिस्टरांतून इंटेलने प्रोटेक्टेड मोड बसवला. प्रत्येक सेगमेंट कुठे सुरू होतो, किती लांब आहे, त्यात लिहायची परवानगी आहे की फक्त वाचायची, कोणत्या पातळीचा प्रोग्रॅम त्याला हात लावू शकतो, हे सगळं एका तक्त्यात लिहिलेलं असतं आणि प्रत्येक वेळी हार्डवेअर ते तपासतं. हद्द ओलांडली की लगेच फॉल्ट. संरक्षणाचा प्रश्न सुटला.

पण जुन्या प्रोग्रॅमचं काय? ८०८६ वर सेगमेंट रजिस्टरमधला आकडा हा पत्ताच असायचा : १६ ने गुणा, ऑफसेट मिळवा. डॉसचे प्रोग्रॅम या गुणाकारावर विसंबून होते. ते सेगमेंटमध्ये थेट बेरीज-वजाबाकी करायचे, स्क्रीनवर अक्षर दाखवायला व्हिडिओ मेमरीत थेट लिहायचे, पोर्टला थेट हात घालायचे. प्रोटेक्टेड मोडमध्ये सेगमेंट रजिस्टरमधला आकडा पत्ता नसून त्या परवानगीच्या तक्त्यातला अनुक्रमांक असतो. त्यात १ मिळवला तर पत्ता १६ ने पुढे जात नाही, भलतंच काहीतरी होतं. म्हणजे जुना प्रोग्रॅम नव्या मोडमध्ये चालूच शकत नव्हता. म्हणून ८०२८६ ला दोन वागणुकी दिल्या : चालू झाला की रिअल मोड, हुबेहूब जुना, आणि सांगितलं तर प्रोटेक्टेड मोड.

आमच्या पहूरवरून पाचोरा-जामनेर नॅरोगेज जायची, सगळे तिला ‘पीजे’ म्हणायचे. तिच्या दोन रुळांत ७६२ मिलिमीटरचं अंतर. पाचोऱ्याला मुंबई-भुसावळ मार्गाची ब्रॉडगेज, १,६७६ मिलिमीटर. दोन्ही रेल्वेच, पण पीजेचा डबा पाचोऱ्याहून पुढे भुसावळला जाऊ शकत नाही. उतरायचं, सामान हलवायचं, दुसऱ्या गाडीत बसायचं. ८०२८६ हे असं दोन गेजचं स्टेशन होतं. त्यात भर म्हणजे नॅरोगेजवरून ब्रॉडगेजवर जायला इन्स्ट्रक्शन होती, परत यायला नव्हती. रिअल मोडमध्ये परतायचं तर प्रोसेसर रीसेटच करावा लागे.

यावर जो उपाय निघाला तो वाचून हसू येईल, पण तो खरा आहे. आयबीएमच्या १९८४ च्या पीसी/एटी मध्ये प्रोसेसर रीसेट करण्याची तार कीबोर्ड सांभाळणाऱ्या छोट्या चिपकडे होती. म्हणून प्रोग्रॅम आधी सीमॉस मेमरीत एक खूण ठेवायचा, मग त्या कीबोर्डच्या चिपला सांगायचा, ‘मला रीसेट कर.’ प्रोसेसर जणू आत्ताच पॉवर दिल्यासारखा उठायचा. बायॉस ती खूण बघायचा आणि नेहमीच्या तपासण्या सोडून थेट पुढच्या कामाला लावायचा. एका मोडमधून दुसऱ्यात जायला मरून पुन्हा जन्म घ्यायचा!

त्याच चिपकडे आणखी एक ओझं होतं. ८०८६ मध्ये सर्वांत मोठा सेगमेंट आणि मोठा ऑफसेट घेतला की बेरीज १ एमबीच्या वर जायची, पण एकविसावी लाइनच नसल्याने पत्ता गोल फिरून शून्याजवळ यायचा. काही प्रोग्रॅम या गोल फिरण्यावर चालत होते. ८०२८६ ला २४ लाइन, तो गोल न फिरता खराखुरा पुढे जायचा, आणि ते प्रोग्रॅम बिघडायचे. म्हणून आयबीएमने ए२० ही लाइन बंद-चालू करणारं एक फाटक बसवलं आणि त्याची किल्ली कीबोर्डच्या चिपकडे दिली. पुढे ८०४८६ मध्ये इंटेलने खास या कामासाठी प्रोसेसरलाच एक पिन दिली. एका जुन्या प्रोसेसरची उणीव नव्या प्रोसेसरचं वैशिष्ट्य बनली. सुसंगती म्हणजे फक्त जुन्याची ताकद जपणं नव्हे, कधीकधी त्याच्या खोडीही जपाव्या लागतात.

आता तक्त्याकडे परत बघा. ८०२८६ : मल्टिटास्किंग आहे, सुसंगत आहे. दोन्ही खरं. पण दोन्ही एकाच वेळी? नाही! डिसेंबर १९८७ मध्ये आलेल्या ओएस/२ च्या पहिल्या आवृत्तीत हे उघड दिसलं. ही सिस्टिम ८०२८६ च्या प्रोटेक्टेड मोडसाठी लिहिलेली होती. नवे प्रोग्रॅम हवे तितके एकदम चालायचे. पण जुना डॉस प्रोग्रॅम एकच, तोही समोर स्क्रीनवर असेपर्यंतच. तो मागे टाकला की गोठायचा. आणि लोकांकडे तर जुनेच प्रोग्रॅम होते. ज्यांच्यासाठी मल्टिटास्किंग हवं होतं त्यांनाच ते मिळत नव्हतं.

८०३८६ ने काय वेगळं केलं

१९८५ चा ८०३८६ आपण ‘३२ बिट’ म्हणून लक्षात ठेवतो. माझ्या मते या गोष्टीपुरतं तरी त्याचं मोठं काम वेगळंच आहे : व्हर्च्युअल ८०८६ मोड.

यात जुना प्रोग्रॅम प्रोटेक्टेड मोडच्या आतच चालतो, पण त्याच्यापुरता सेगमेंटचा हिशोब पुन्हा १६ ने गुणण्याचाच होतो. त्याला वाटतं आपण एकटेच ८०८६ वर आहोत. त्याने काढलेला पत्ता मात्र पेजिंगमधून जातो, म्हणजे ४ केबीच्या तुकड्यांत त्याचा १ एमबी खऱ्या मेमरीत कुठेही ठेवता येतो. त्याने व्हिडिओ मेमरीत लिहिलं तर ते खऱ्या स्क्रीनऐवजी बाजूच्या एखाद्या जागेत वळवता येतं. पोर्टला हात घातला किंवा इंटरप्ट बंद करायला गेला, तर हार्डवेअर त्याला अडवून कारभार ऑपरेटिंग सिस्टिमकडे देऊ शकतं. सिस्टिम त्याला पटेल असं उत्तर देते. असे अनेक जुने प्रोग्रॅम शेजारी-शेजारी, प्रत्येकाला आपापलं राज्य.

गेजच्या भाषेत सांगायचं तर नॅरोगेजचा अख्खा डबाच ब्रॉडगेजच्या सपाट वॅगनवर चढवला. आतल्या प्रवाशाला उतरावं लागत नाही.

१९८७ च्या विंडोज/३८६ ने हे वापरलं, १९९० च्या विंडोज ३.० च्या ३८६ एनहान्स्ड मोडने घरोघरी नेलं. ८०२८६ जिथे अडला तिथे ८०३८६ सुटला, कारण त्याने जुन्या प्रोग्रॅमला ‘बदल’ असं सांगितलं नाही. त्याचा समज खरा ठरेल अशी सोय त्याच्याभोवती उभी केली.

हेच तत्त्व आपल्या पुण्यातही दुसऱ्या कामासाठी वापरलं गेलं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. जिस्ट कार्ड पीसीत बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेले, साध्या अक्षर-मोडमध्ये चालणारे डॉस प्रोग्रॅम देवनागरी दाखवू लागायचे. प्रोग्रॅम बदलायचा नाही, त्याला कळूही द्यायचं नाही. १९९१ चं इस्की मानकही तसंच : पहिल्या १२८ जागा आस्कीच्या, जशाच्या तशा, आणि भारतीय लिपी वरच्या १२८ मध्ये. जुन्याला धक्का न लावता नवं शेजारी बसवायचं.

जे हार्डवेअरमध्ये दिलं ते वापरलं कोणी?

तक्त्याच्या ‘आहे’ मध्ये अजून एक गफलत लपलेली आहे. ८०२८६ आणि ८०३८६ मध्ये टास्क स्टेट सेगमेंट नावाची सोय आहे. एकाच जंपने सगळे रजिस्टर आपोआप जपले जातात आणि दुसऱ्या टास्कचे भरले जातात. परीक्षेत ‘हार्डवेअर मल्टिटास्किंग’ म्हणून विचारतात ते हेच.

१९९१ मध्ये लिनक्स ८०३८६ वर सुरू झाला तेव्हा तो हीच सोय वापरत होता. नंतर लिनक्सने ती सोडली आणि अदलाबदल सॉफ्टवेअरने करायला सुरुवात केली, म्हणजे तत्त्वतः आपण वर ८०८५ वर केली तशीच. हार्डवेअर दर वेळी ठरलेलं सगळं जपतं, सॉफ्टवेअर लागेल तेवढंच जपतं. २००३ मध्ये एएमडीने एक्स-८६ चा ६४ बिट विस्तार बाजारात आणला, त्याच्या ६४ बिट मोडमध्ये हार्डवेअरची ही टास्क-अदलाबदल काढूनच टाकली. टास्क स्टेट सेगमेंट उरला, पण स्टॅकचे पत्ते वगैरे ठेवण्यापुरता. म्हणजे ज्या सोयीमुळे तक्त्यात ‘आहे’ लिहिलं, ती सोय गेली तरी मल्टिटास्किंगचं काही बिघडलं नाही. टिकलं ते संरक्षण, पेजिंग आणि टायमर.

आणि पुण्याचा परम

आतापर्यंतची गोष्ट एकाच कंपनीची झाली. जुन्याचं ओझं न घेता मल्टिटास्किंग केलं असतं तर? याचं उत्तर शोधायला महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही.

सी-डॅकची स्थापना १९८८ मध्ये पुण्यात झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. ही गोष्ट आपण स्पर्धा परीक्षांसाठी पाठ केलेली असते : अमेरिकेने सुपरकॉम्प्युटर नाकारला, आपण बनवला. खरी आहे, अभिमानाची आहे. पण तीही त्या तक्त्यासारखी एका ‘आहे’ वर थांबते. आत कोणता प्रोसेसर होता, हे क्वचितच सांगतात.

आत इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, टी८०० घराण्यातले. मल्टिटास्किंगच्या बाबतीत हा प्रोसेसर त्या काळच्या इंटेलपेक्षा फार पुढे होता. कोणता प्रोसेस पुढे चालवायचा याची रांग हार्डवेअरच सांभाळायचं, तेही दोन प्राधान्यांच्या पातळ्यांत. हिशोबाला फक्त तीन रजिस्टरचा छोटा स्टॅक, आणि सामान्य प्राधान्याच्या प्रोसेसची अदलाबदल अशाच ठिकाणी व्हायची जिथे तो जपायची गरजच नाही. म्हणून अदलाबदल मायक्रोसेकंदाच्या आसपास उरकायची. शिवाय प्रत्येक चिपला चार लिंक, त्यांनी चिपला चिप जोडत जायचं. वेगळ्या नेटवर्कची भानगड नाही. मोजक्या वर्षांत, बाजारात मिळणाऱ्या भागांतून समांतर मशिन उभं करायचं असेल तर ही निवड शहाणपणाचीच होती.

पण त्यात दोन गोष्टी नव्हत्या. एक, मेमरीचं संरक्षण. मल्टिटास्किंग उत्तम आणि संरक्षण नाही, असा हा नमुना. आपला तक्ता या प्रोसेसरला कोणत्या रकान्यात बसवणार? आणि दुसरी, पुढचा रस्ता. टी९००० हा नवा ट्रान्सप्युटर वेळेत आणि ठरल्या वेगाने आलाच नाही, आणि घराणं संपलं. परमची पुढची पिढी, १९९४ चा परम ९०००, स्पार्क प्रोसेसरकडे गेली. १९९८ चा परम १०००० अल्ट्रास्पार्कवर. पुढे परम पद्ममध्ये आयबीएमचा पॉवर-४. २००८ च्या परम युवामध्ये इंटेलचा झिऑन, आणि पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्ममध्येही झिऑनच.

झिऑन म्हणजे कोण? त्याच ८०८६ चा वंशज, जो पॉवर दिल्यावर आधी १६ बिटच्या जुन्या वागणुकीत उठतो. ट्रान्सप्युटरपासून निघालेला परम फिरून फिरून ज्याने जुनं सोडलं नाही त्याच्याच दारात आला.

यातून ‘सुसंगती जिंकली, नवी कल्पना हरली’ असा निष्कर्ष काढाल तर घाई होईल. ट्रान्सप्युटरसाठी कंपाइल केलेली फाइल स्पार्कवर चालणं शक्य नव्हतं, हे खरं. पण फोरट्रान किंवा सी मध्ये लिहिलेलं गणित नव्याने कंपाइल करता येतं. अडचण यायची ती एका प्रोसेसरने दुसऱ्याला निरोप पाठवण्याच्या भागात, कारण तो मशिनप्रमाणे बदलायचा. १९९४ मध्ये त्यासाठी एमपीआय हे सामायिक मानक आलं, आणि आज एमपीआय वापरून लिहिलेला प्रोग्रॅम कोणत्याही क्लस्टरवर कंपाइल करून चालवता येतो. म्हणजे इंटेलने सुसंगती चिपमध्ये जपली, समांतर संगणनाने ती मानकात जपली. चिपमधल्या सुसंगतीची किंमत ट्रान्झिस्टरांत आणि ए२० सारख्या खोडींत मोजावी लागली. मानकातल्या सुसंगतीची किंमत संशोधकांनी आपले प्रोग्रॅम पुन्हा लिहून मोजली. फुकट कोणतीच नव्हती.

मग तक्त्याचं काय करायचं?

कोणी म्हणेल, बारावीच्या मुलांना मार्क हवेत, शिक्षकांकडे तास मोजके, तक्ता सोयीचा आहे. मान्य. तक्ता फेकून द्या असं मी म्हणतच नाही. त्या दोन ओळींच्या जागी तीन ओळी घाला, एवढंच मागणं आहे : ‘एका प्रोग्रॅमपासून दुसऱ्याचं संरक्षण होतं का?’, ‘जुना प्रोग्रॅम कोणत्या पातळीवर चालतो, मूळ की तयार?’ आणि ‘संरक्षण चालू असताना जुना प्रोग्रॅम चालतो का?’ या तिसऱ्या ओळीत ८०२८६ ला ‘नाही’ आणि ८०३८६ ला ‘होय’ येईल. तिथे वर्गातलं कोणीतरी नक्की विचारेल, ‘असं का?’ आणि तिथून शिकवणं सुरू होईल.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना यातून काय न्यायचं? पेट किंवा नेट निघाली की तुमच्यासमोर रोज असे तक्ते येतील. प्रत्येक पेपरच्या शेवटी ‘आमची पद्धत’ आणि ‘आधीच्या पद्धती’ यांची तुलना असते, आणि आमच्या रकान्यात सगळीकडे बरोबरची खूण. त्या खुणा एकेकट्या खऱ्या असतात. विचारायचं ते हे की त्या सगळ्या एकाच वेळी, एकाच प्रयोगात, एकाच सेटिंगमध्ये खऱ्या आहेत का. वेग एका मोडमध्ये मोजला आणि अचूकता दुसऱ्यात, असं तर नाही? लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना दोन गुण शेजारी दिसले की त्यांचं आपसात पटतं का, हे आधी बघा. पटत नसेल तर तिथेच बहुतेक वेळा संशोधनाचा प्रश्न दडलेला असतो. ८०२८६ आणि ८०३८६ यांच्या मधली तीन वर्षं म्हणजे नेमका असाच एक प्रश्न होता.

सुरुवात घरूनच करा. ८०८५ आणि ८०८६ च्या फ्लॅग रजिस्टरच्या आकृत्या एका पानावर शेजारी-शेजारी काढा आणि रिकाम्या फटी मोजा. मग ती ८०८५ वरची पंधरा-वीस ओळींची अदलाबदल सिम्युलेटरवर चालवून बघा. चालली की मुद्दाम दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये एक डीआय आणि एक न संपणारा लूप टाका. स्क्रीन गोठेल. त्या गोठलेल्या स्क्रीनसमोर बसून ठरवा, तक्त्यात काय लिहायचं ते.